साठ पावलं चुकलेला दगड

मित्रांनो, माझ्या अंगावर 'गडहिंग्लज १२' असं कोरलेलं आहे, आणि ते खोटं आहे. मी एक जुना किलोमीटरचा दगड. आयुष्यभर मला एकच काम होतं, खरं अंतर सांगायचं. तेवढंही मला नीट जमलं नाही. यात माझी चूक किती आणि माणसांची किती, ते तुम्हीच ठरवा. मी आपलं घडलं तसं सांगतो.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या एका खाणीतला. केरबा नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. हल्लीचे दगड सिमेंटचे असतात, साच्यातून निघतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांचे कोपरे झडतात. मी अस्सल काळ्या दगडाचा आहे. केरबाने तीन दिवस छिन्नी चालवून माझा माथा गोल केला. आकडा कोरायला मात्र त्याने आणखी एक दिवस घेतला. शेजारचा कारागीर त्याला हसला तेव्हा केरबा म्हणाला, "चालत्या एष्टीतनं वाचता आला पायजे की! न्हायतर आकडा कोरायचाच कशाला?" ते ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्यावर लोक विसंबणार आहेत, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

१९९२ साली गडहिंग्लजकडे जाणारा आमचा रस्ता नव्याने झाला. तेव्हा ट्रकमधून मला तिथे नेलं. सयाजी मुकादम टेप लावून अंतर मोजत होता. माणूस कामाचा चोख होता. तेरावा दगड त्याने अगदी जागेवर रोवला होता. बाराव्याची जागा आली, आणि नेमक्या तिथेच म्हसोबा निघाला. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला, ओंजळीएवढा देव. त्याच्या कडेने खड्डा खणायला एकही गडी तयार होईना. सयाजीनेही पायातल्या वहाणा काढून हात जोडले. मग तो म्हणाला, "देवाला धक्का नगं. साठ पावलं म्होरं रोवा. हितं कोण मोजायला येतंय?"

त्याने स्वतः साठ पावलं मोजली, गडहिंग्लजच्या अंगाला, आणि मला तिथे पुरलं. पुढे अकरावा दगड पुन्हा टेपने मोजून बरोबर जागी बसवला. म्हणजे तेरा आणि अकरा खरे होते, आणि मधला मी तेवढा सरकलेला. तेरापासून माझ्यापर्यंतचा किलोमीटर साठ पावलांनी लांब झाला आणि माझ्यापासून अकरापर्यंतचा साठ पावलांनी आखूड. सयाजीच्या मनात पाप नव्हतं. देवाचा मान राखून त्याने चूक केली. असल्या चुकीचा राग तरी कुणावर काढायचा?

पुढची काही वर्षं माझी चांगली गेली. माझी हिरवी टोपी दरवर्षी रंगवली जायची. बाजाराला निघालेल्या बायका माझ्याजवळ पाट्या टेकवून दम घ्यायच्या आणि "बारा आलं बाई, आता हितनं एष्टी धरू" असं म्हणायच्या. कुत्री आपल्या पद्धतीने माझी आठवण ठेवून जात, त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. निवडणुका आल्या की माझ्या तोंडावर कागद चिकटवत. एकदा तर कुणा भाविकाने मलाही शेंदूर फासला आणि पुढ्यात नारळ फोडला. नारळ फुटला तेव्हा मला हसू आलं होतं, कारण देव साठ पावलं मागे बसला होता आणि मान मला मिळत होता.

जवळच्या गावच्या शाळेतले अण्णासो गुरुजी मुलांना माझ्याकडे घेऊन येत. किलोमीटर म्हणजे काय, ते फळ्यावर कळत नाही, पायाला कळतं, असं त्यांचं मत होतं. तेराव्या दगडापासून ते मुलांना चालवत, माझ्यापाशी पाणी पाजत आणि पुढे अकराव्यापर्यंत नेत. एका वर्षी संयोगिता नावाची मुलगी अकराव्यावरून परत येताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्या बाजूचा किलोमीटर बारका हाय. माझी दीडशाच्या वर पावलं कमी भरली." तिची पावलं बारीक होती, म्हणून फरक तेवढा मोठा दिसला. गुरुजी हसले आणि म्हणाले, "मोजताना गप्पा मारल्यास, दुसरं काय?" ती हिरमुसली. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पोरीने नेमकी माझी चूक पकडली होती आणि माझ्यामुळेच ती खोटी ठरली.

साधारण २००० साली आमच्या गावात दोन मोठ्या गाड्या आल्या. उंच चाकांच्या, रुंद तोंडाच्या, आठ माणसं सहज बसतील अशा. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही, दगडाने कशाला जाहिरात करावी? एक पांढरी होती, सोमेशची. दुसरी निळी, सम्राटची. दोघं एकाच वर्गात शिकलेले. दोघंही सणाला, लग्नाला, देवदर्शनाला माणसं नेत.

गाड्या आल्यापासून गावाला दुसरा विषयच उरला नाही. एष्टीची वाट बघणारे लोक माझ्यावर पाय ठेवून तासन्तास वाद घालत. निळी गाडी वजनाने हलकी. पहिल्या गिअरला ती जागेवरून अशी सुटायची की मागे बसलेल्या माणसाची टोपी पडावी. पांढरी जड होती. सुरुवातीला जरा रेंगाळायची, पण तिसऱ्या गिअरला इंजिनाने एकदा जोर धरला की मग थांबायचं नाव नाही. "पिकअप निळीचंच भारी," असं एक म्हणे. "नुसतं पिकअप घिऊन काय करतोस? सरळ रस्त्याला पांढरी बघ, ऐंशीच्या म्होरं निळीला दम लागतोय," असं दुसरा म्हणे. सोमेश आणि सम्राट तिथे असले तर दोघंही हसत ऐकत. भांडण गाड्यांचं होतं, त्यांचं नव्हतं.

पण त्याच वर्षी एक वाईट गोष्ट घडली. ऊसतोडीला आलेल्या एका बाईला फडात साप चावला. दोन्ही गाड्या भाड्याने बाहेरगावी गेल्या होत्या. तिला बैलगाडीत घालून निघाले. बैल तरी किती पळणार? माझ्याजवळ आल्यावर गाडीवानाने कासरा ओढला, कारण पुढे नेण्यात आता अर्थ उरला नव्हता. तिचं माणूस माझ्याशेजारी मातीत बसून राहिलं. मी तेव्हा किती तरी वर्षं रस्त्याकडेला उभा होतो, पण बारा किलोमीटर म्हणजे किती लांब, ते मला त्या दिवशी कळलं.

मग गावाने ठराव केला. आरोग्य उपकेंद्राच्या दारात एक गाडी कायमची उभी राहील. भाडं नाही, लग्न नाही, फक्त आजारी माणूस. डिझेल आणि चालकाचा पगार गाव देईल. गाडी मात्र एकच ठेवायची. तिथे सोमेश आणि सम्राट, दोघंही पुढे आले.

सम्राटच्या घरी शेती होती, भाऊ होते. सोमेशच्या घरी त्याची आई रत्नव्वा, एवढंच. वडील तो लहान असतानाच गेले होते. रत्नव्वाने एका गाईच्या दुधावर त्याला वाढवलं. रोज सकाळी ती रस्त्यावर दूध घालायला यायची आणि कॅन माझ्या माथ्यावर टेकवायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज खणखणीत. गावात दोन गाड्यांना पुरेल एवढं भाडं मिळत नव्हतं. पुण्याच्या एका कारखान्यातून सोमेशला चालकाच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. तो आईला माझ्यासमोरच म्हणाला होता, "अव्वा, ही जागा मिळाली तर मी हितंच ऱ्हातो. न्हाय मिळाली तर गाडी इकून जावं लागंल." रत्नव्वा दूध घालायला निघाली. कॅन उचलताना तिच्या हातून थोडं दूध माझ्यावर सांडलं.

कुणाची गाडी ठेवायची, ते ठरवायला गावाने अण्णासो गुरुजींना नेमलं. गुरुजी निवृत्त झाले होते, पण त्यांचा शब्द अजून चालायचा. ते म्हणाले, "वाद नको. सरळ रस्त्यावर एक किलोमीटर. उभ्या गाडीपासून सुरुवात. जी कमी वेळात जाईल ती." शाळेच्या खेळांसाठी आणलेलं स्टॉपवॉच त्यांच्याकडे होतं. तेराव्या दगडापासून अकराव्यापर्यंत रस्ता ताणलेल्या दोरीगत सरळ, ना चढ ना उतार. जागा तीच ठरली.

जानेवारीतली सकाळ होती. मित्रांनो, त्या माणसांनी न्यायासाठी किती काळजी घेतली ते सांगितलंच पाहिजे. दोन्ही गाड्यांच्या चाकांत सारखी हवा भरली. डिझेल सारखं भरलं. आजाऱ्याचं आणि सोबत्याचं वजन म्हणून मागच्या सीटवर पेंडीची दोन पोती ठेवायची ठरली, आणि तीच पोती दुसऱ्या गाडीतही न्यायची. गुरुजी स्वतः चालकाशेजारी बसून वेळ घेणार, म्हणजे तेही दोन्हीकडे तेच. सगळं सारखं केलं. अंतर तेवढं मोजायचं कुणाला सुचलं नाही. ते माझ्यावर लिहिलेलं होतं ना!

पहिली पांढरी सुटली, तेराव्या दगडापासून. मला ती लांबून आधी फक्त ठिपका दिसली. आवाज जड होता, हळूहळू चढत आला. मग गिअर बदलल्याचा झटका ऐकू आला आणि तिथून पुढे ती अशी आली की कडेच्या उसाची पाती आडवी झाली. म्हसोबाच्या कडुनिंबापाशी तिचा खरा किलोमीटर संपला होता. तिथे गुरुजींनी बोट दाबायला हवं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते. साठ पावलं पुढे, माझ्या रेषेत आल्यावर त्यांनी बोट दाबलं. साडेत्रेचाळीस सेकंद.

निळी गाडी मागून सावकाश आली आणि माझ्यापाशी थांबली. पोती तिच्यात चढवली. सम्राट म्हणाला, "गुरुजी, मी माघारी जाऊन तेरापासनं येतो." तेवढ्यात मागून उसाच्या ट्रॉल्यांची रांग येताना दिसली. कारखाना चालू होता, रांग लवकर सरणार नव्हती. जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "माघारी कशाला जायाचं? हितनं अकरापातूर पळीव की. किलोमीटर तो किलोमीटरच!" गुरुजींनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं होतं, की एक किलोमीटर म्हणजे हजार मीटर, कुठेही मोजा.

निळी माझ्या पायापासून सुटली. खडे उडून माझ्या अंगावर आले. एकीचं येणं आणि दुसरीचं जाणं, एवढंच मी पाहिलं. ती लहान होत गेली आणि अकराव्या दगडापाशी थांबली. साठ पावलं कमी पळून. थोड्या वेळाने गुरुजी परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता, कारण निकाल त्यांना सांगायचा होता.

"साडेबेचाळीस," ते म्हणाले.

एका सेकंदाचा फरक. एकाला साठ पावलं जास्त आणि दुसऱ्याला साठ कमी, म्हणजे एकशेवीस पावलांचा घोटाळा. भरधाव गाडीला तेवढ्या वाटेला जवळजवळ तीन सेकंद लागतात. सोमेशची गाडी खरं तर जिंकली होती. हे सबंध गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

आरडाओरडा झाला नाही. सम्राटच पुढे झाला आणि म्हणाला, "सोम्या, एका सेकंदाचं काय खरं हाय? पुन्हा पळवूया. बाजू बदलून पळवूया." मित्रांनो, त्या वेळी सोमेशने हो म्हटलं असतं तर सगळं उजेडात आलं असतं. मी दगड, पण मनातून त्याला हात जोडत होतो. सोमेश गाडीच्या दाराला टेकून उभा होता. त्याने जमिनीकडे बघत म्हटलं, "न्हाय भावा. ठरलं ते ठरलं. उद्या लोकं म्हणतील, हरला म्हणून रडीचा डाव खेळला." त्याने पोती उतरवायला मदत केली आणि निघून गेला.

महाशिवरात्रीनंतर त्याने पांढरी गाडी विकली आणि एष्टीने पुण्याला गेला. रत्नव्वा रस्त्यापर्यंत आली होती. एष्टी दिसेनाशी झाल्यावर ती माझ्यावर बसली. त्या दिवशी दूध घालायला तिला उशीर झाला.

सम्राटने आपलं काम इमानाने केलं, हे मला सांगायलाच हवं. सहा वर्षांत त्याने कितीतरी आजारी माणसं माझ्यासमोरून नेली, आणि बहुतेक सगळी पुन्हा माझ्यासमोरूनच आपल्या पायांनी घरी आली. त्याला आणि त्याच्या गाडीला मी काही बोलणार नाही. पण सोमेश त्या सहा वर्षांत गावाला दोनदाच आला. लग्नही त्याने तिकडेच केलं. बायको शिवलीला फोन करायची, सासूची चौकशी करायची, सोमेश मात्र "कामात हाय" असंच सांगायचा. रत्नव्वा रोज कॅन माझ्यावर टेकवायची आणि कोल्हापूरकडून येणाऱ्या एष्टीकडे एकदा बघून घ्यायची. मला तिच्या हाताचा भार सोसत नव्हता, खरं सांगतो. कॅन कितीसा जड असणार? पण सोसत नव्हता.

२००७ साली रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले तिपाईवर दुर्बीण ठेवून, हातात नवी यंत्रं घेऊन आले. रस्ता अर्धा अडवला होता. सम्राट एका बाळंतिणीला दवाखान्यात पोचवून परत येत होता, तोही थांबला. मोजणीवाल्यांतला एक माणूस दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, "बारा नंबर चुकलाय बघा! ह्या अंगाला पंचेचाळीस मीटर जादा, त्या अंगाला पंचेचाळीस कमी. कुणी रोवलाय कुणाला ठावं!" आणि तो हसला.

सम्राट गाडीतून उतरला. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. त्या माणसाने पुन्हा सांगितलं. सम्राट तेराव्या दगडाकडे बघत राहिला, मग अकराव्याकडे, मग माझ्याकडे. पंधरा वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली, मित्रांनो, आणि सुटल्यासारखंही वाटलं. तो तिथून थेट गुरुजींकडे गेला. संध्याकाळी गुरुजी काठी टेकत आले. माझ्या आकड्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या पोरीनं सांगितलं होतं मला." एवढंच बोलून ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नव्वा दूध घेऊन आली तेव्हा सम्राट माझ्यापाशी तिची वाट बघत होता. त्याने तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "काकी, तुमचा सोमेश हरला नव्हता. ती जागा त्येची हुती. मी घेतली."

रत्नव्वाने कॅन खाली ठेवला. "मला कशापायी सांगतोस?" ती म्हणाली. "मी कवा त्येला हरला म्हटलं हुतं? त्येला सांग." मग म्हणाली, "आनि तू काय घेतलंस रं? तुला तरी कुठं ठावं हुतं?"

सम्राटने तिथूनच फोन लावला. पलीकडून सोमेश काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. सम्राट एवढंच म्हणत होता, "ये रे. जागा सोडतो मी. चावी तुझ्या हातात देतो. ये तू."

रुंदीकरणात मला उपटलं. मी मोडक्या दगडांच्या ढिगात जाणार होतो, पण रत्नव्वाने सम्राटला सांगून मला आपल्या दारात आणवलं. नळाशेजारी मला आडवं टाकलं आहे. ती माझ्यावर धुणं आपटते. मला त्याचं वाईट वाटत नाही, माझ्यासारख्याला हे काम योग्यच आहे. तेवढं साबणाचं पाणी टोपीच्या रंगात शिरतं आणि रंग सुटतो, बाकी तक्रार नाही.

पुढे एका रविवारी सोमेश आला, बायकोला आणि लहानग्या लेकीला, शांभवीला घेऊन. सम्राट चावी घेऊन दारात उभा होता. सोमेशने ती घेतली नाही. "राहू दे भावा," तो म्हणाला. "पोरगी तिकडं शाळेत जायला लागलीया. माझी गाडी तर कवाच गेली." सम्राट डोळे पुसत परत गेला. सोमेश माझ्यावर येऊन बसला आणि केरबाने कोरलेल्या आकड्यावरून बोट फिरवत राहिला. आई समोर भांडी घासत होती.

मग त्याने विचारलं, "अव्वा, मी हरलो तवा गावात तुला कोण काय बोललं हुतं का गं?"

रत्नव्वाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कोण काय बोललं न्हाय रं," ती म्हणाली. "सगळी इचारत हुती, सोमेश कवा येणार. तूच आला न्हाईस."

 सोमेश माझ्यावरून उठला आणि आईशेजारी बसून भांडी विसळू लागला. दोन दिवसांनी तो पुण्याला परत गेला. आता महिन्यातून एकदा येतो. रत्नव्वा त्या दिवशी धुणं लवकर उरकते. पण मधली सहा वर्षं कुणीच परत आणू शकत नाही, सम्राट नाही, गुरुजी नाहीत आणि मी तर नाहीच.

मित्रांनो, दगडाकडून एवढंच ऐका. दोघांना मोजायचं असेल तर एकाच वाटेवरून पळवा, आणि आकडा लिहिलेला दिसला तरी एकदा स्वतः मोजून बघा. एखादं लहान पोर म्हणालं की अंतर चुकतंय, तर त्याला गप्प बसवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी एखाद्या सेकंदाने मागे राहिला असेल, तर त्याने लाजून लांब राहू नये. घरी जावं. घरातल्या माणसांनी कधी घड्याळ लावलेलंच नसतं.